नवजात कक्षाच्या कॅमेऱ्यासाठी अपवाद

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
संगणक विभाग, मध्यवर्ती रुग्णालय.

विषय : सर्व संगणकांना लागू असलेल्या फायरवॉल नियमातून दोन संगणकांना अपवाद मिळण्याबाबत.

संदर्भ : मी तयार केलेले व आपल्या सहीने निघालेले गेल्या वर्षअखेरचे परिपत्रक.

महोदय,

१. मी आपल्याच विभागात संगणक साहाय्यक आहे. कोणत्या संगणकाने कोणाशी बोलावे, हे फायरवॉल ठरवते. पूर्वी प्रत्येक विभाग आपल्या मनाने नियम करी. त्यातून क्ष-किरण विभागाचे संगणक दोन दिवस बंद पडले, तेव्हा आपल्या आदेशावरून मी एकच नियमावली लिहून मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवली. दर दीड तासाने ती तीनशे चाळीस संगणकांवर आपोआप उतरते. कुणी आपल्या संगणकावर वेगळा नियम केला, तरी तो मानला जात नाही. ही तजवीजही माझीच, आणि तेव्हा मला तिचा अभिमान वाटला होता.

२. त्याआधी सर्व विभागांकडून आवश्यक जोडण्यांची यादी मागवली होती. नवजात अतिदक्षता कक्षाच्या मोठ्या सिस्टरांनी लिहिले होते, "कॅमेरा – आयांना बाळ बघायला." मी त्यावर लाल रेघ मारून शेरा दिला, "कामकाजाशी संबंध नाही." तेव्हा मला पाचवा महिना होता.

३. बाळ दहा आठवडे आधी आले. वजन अकराशे ग्रॅम. कागदोपत्री त्याला अजून नाव नाही. त्याचे बाबा त्याला 'मूठभर' म्हणतात. आज तेविसावा दिवस. उरलेली रजा तो घरी येईल तेव्हासाठी राखावी, म्हणून मी सोमवारी कामावर रुजू झाले. कक्ष माझ्या टेबलापासून दोनशे पावलांवर आहे, पण भेट सकाळ-संध्याकाळ पंधराच मिनिटे. मधले सगळे तास कॅमेरा त्याच्याकडे बघत असतो. त्याचे चित्र रुग्णालयाच्या संगणकांबाहेर जात नाही, त्यामुळे मोबाइलचा उपयोग नाही. आणि संगणकांवर ते दिसत नाही, कारण मी ते बंद केले आहे.

४. मोठ्या सिस्टरांची क्षमा मागायला गेले होते. "अगं, रेघ तू मारलीस होय! आणि मी आपली इतके दिवस तुझ्या साहेबांना शिव्या घालतेय," असे त्या म्हणाल्या (हे इथे लिहिल्याबद्दल माफी असावी). मग बाळाची टोपी सारखी करत म्हणाल्या, "जाऊ दे. जेवलीस का?" विभागातले सहकारी चेष्टेने म्हणतात, "भिंत तूच बांधलीस, आता खिडकीही तूच माग." म्हणून मागत आहे.

५. एक कबुली. नियम बदलण्याचा पासवर्ड माझ्याकडे असतो. मंगळवारी दुपारी मी विनापरवानगी, माझ्या संगणकापुरता, कॅमेऱ्यावरची ही बंदी सहा मिनिटे उठवली. बाळाने जांभई दिली. त्या एवढ्याशा तोंडात एवढी मोठी जांभई मावते, हे मला ठाऊक नव्हते. नंतर नियम पूर्ववत केला. नोंदीचा कागद जोडला आहे. होईल ती कारवाई मला मान्य आहे. ती आणि या अर्जाचे उत्तर एकाच पाकिटातून आले तरी चालेल.

६. कक्षाबाहेरच्या प्रतीक्षागृहातला संगणकही त्याच रेघेने बंद झाला. तिथे आया दिवसभर बंद पडद्यासमोर बसून असतात, कुणाकुणाचे टाकेही ओले आहेत. माझा संगणक आणि हा, या दोहोंपैकी एकालाच अपवाद देता येत असेल, तर तो तिथे द्यावा. मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन त्यांच्या मागे उभी राहीन.

७. अपवाद समिती पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी बसते. डॉक्टर मात्र माझ्याशी उद्यापलीकडचे काही बोलत नाहीत. कालपासून बाळाला पुन्हा श्वासाची नळी लावली आहे. विचारले की "आजचा दिवस जाऊ दे," एवढेच म्हणतात. तरी समितीची वाट न पाहता निर्णय व्हावा, ही कळकळीची विनंती.

८. विहित नमुना सोबत आहे. त्यात 'अपवाद कोणत्या तारखेपर्यंत' असा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय अर्ज घेऊ नये, असा नियम आहे. तोही मीच लिहिला. मी तीनदा पेन टेकवले. लांबची तारीख घातली, तर त्याने इतके दिवस तिथेच नळ्यांत पडून राहावे, असे मागितल्यासारखे होते. जवळची घालायला हात धजत नाही. रकाना कोरा आहे. तेवढ्यासाठी अर्ज परत करू नये.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
संगणक साहाय्यक
दि. १४, गुरुवार, जेवणाच्या सुट्टीत

सोबत : १. मंगळवारच्या सहा मिनिटांची नोंद. २. नवजात कक्षाची मूळ यादी, लाल रेघेसह. ३. विहित नमुना.