एका दाताची खडखड

अण्णा, तुम्ही केलेलं रेल्वेचं छोटं इंजिन आता चालताना खडखडतं, आणि मला ते दुरुस्त करता येत नाही.

तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली. धाराशिवच्या डेपोत दिवसभर एसटीखाली झोपून काम करायचात आणि घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या पाटावर ते इंजिन जोडत बसायचात. मोटर जुन्या टेपरेकॉर्डरची, गिअर कुठल्याशा मोडक्या खेळण्यातले, रुळांना वीज घरातल्या प्लगमधून. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "पिठात तेल पडंल बघा." एकदा ते कुरकुरायला लागलं म्हणून मी शिलाई मशीनचं तेल भसाभसा ओतलं. तुम्ही माझ्या हातातली कुपी काढून घेतलीत. "आवाज बुजवायचा न्हाय, पोरी. कुठून येतो ते हुडकायचं." मग स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलंत, मूठ माझ्या कानाशी धरलीत. आतलं सगळं मला स्वच्छ ऐकू येतंय, आणि तुम्ही माझ्या तोंडाकडं बघताय.

पक्षाघातानंतर आईला तुम्ही गेल्याचं आठवत नाही. दुपारी पाटाभोवती मांडलेल्या रुळांवर इंजिन फिरत असलं तरच ती चार घास खाते. खडखड सुरू झाली त्या दिवशी तिनं ताट बाजूला सारलं. "ह्यास्नी बोलव. त्याला कायतरी होतंय."

तुम्ही शिकवलंत तसंच केलं. मोटर सुटी करून फिरवली, तिचा आवाज नाही. चाकं हातानं फिरवली, तर दर फेऱ्याला एकाच जागी अडकतात. भिंगातून पाहिलं. आसावरचा प्लॅस्टिकचा गिअर चिरलाय, दोन दातांमधली फट रुंदावलीय. चिकटवला. चार फेऱ्या नीट झाल्या आणि पुन्हा उकलला. घड्याळवाल्याकडं नेला, तर त्यानं तो उलटसुलट करून माझ्या तळहातावर परत ठेवला. "ताई, असला गिअर आता मिळायचा न्हाय. ज्यानं बनवलंय त्यालाच इचारा." कारण हुडकलं, अण्णा. त्याच्या पुढचं तुमच्याकडून शिकायचं राहून गेलं.

हे पत्र कुठं टाकणार? घडी करून उशाखाली ठेवीन. एक सांगायचंय. आई रोज ताटावर बसली की इंजिन लावायला सांगते, आणि मी म्हणते, "लाईट गेलीय, आई." डोक्यावर पंखा फिरत असतो. ती वर बघते, मग माझ्याकडं बघते.