मिनतीदीची टपरी आणि फूटपाथवरचा नवा देव

बेहाला, कोलकाता

तीर्थस्वरूप दिगंबरराव यांस,

श्यामसुंदरचा साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नसल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, पोचला असं समजावं). आपल्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नीट पार पडल्याचं उषाकडून कळलं, फार बरं वाटलं. आता लांबचं स्वच्छ दिसू लागलं असेल, तेव्हा तिकडच्या मंडईतल्या हातगाडीवाल्यांनी जपून राहिलेलं बरं. आपण निवृत्त झालात हे खरं, पण उभा जन्म अतिक्रमण हटाव पथकात काढलेल्या माणसाची नजर काही पेन्शनीत निघत नाही. वहिनींनाही नमस्कार सांगावा. आम्ही इकडे मजेत आहोत. आपल्या बहिणीची प्रकृती उत्तम आहे, फक्त ती माझ्याशी बोलत नाही. का बोलत नाही, ते सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिनतीदीची चहाची टपरी आहे, ती आपल्याला ठाऊक आहेच. टपरी म्हणजे काय, एक शेगडी, बिस्किटांच्या काचेच्या बरण्या, वर निळं प्लास्टिक आणि पुढे एक लाकडी बाक. त्या बाकावर संध्याकाळी आम्ही सगळे रिकामटेकडे पेन्शनर बसतो आणि जग चालवतो. विषयाला बंधन नाही. फुटबॉल झाला की इलिश मासा, तो संपला की सुना. (बंगाली माणूस श्वास घ्यायला थांबला, की तेवढ्या फटीत आपलं मराठी मत खुपसायचं, ही विद्या मला आताशा साधली आहे.) मिनतीदी एकटी बाई. चहामुळे माणसं बसतात एवढंच, तिचं घर चालतं ते डिमटोस्टवर, म्हणजे अंड्यात बुडवून तव्यावर परतलेल्या पावावर. सकाळी ऑफिसला निघालेली निम्मी गल्ली तिच्याकडे उभ्या उभ्या तो खाते.

तर मध्यंतरी फूटपाथ मोकळे करायची मोहीम निघाली. मोहीम वाईट होती असं मी म्हणणार नाही, विशेषतः आपल्याला लिहिताना तर नाहीच. चालणाऱ्यालाही फूटपाथ हवा. आमच्या बाकामुळे उषाला भाजीला जाताना रोज रस्त्यावर उतरावं लागे आणि ऑटोवाले तिच्या पायांवरून जायचे तेवढे बाकी होते. पथकाच्या लोकांनी रेघ मारली, पिवळी. दुकानदाराने रेघेच्या आत राहायचं. आमच्याकडे ती अशी आली की मिनतीदीची शेगडी आत आणि मिनतीदी बाहेर. बाक पहिल्याच दिवशी गाडीत गेला. आम्ही त्याच्यावर ठाण मांडून बसलो होतो असं सांगायला मला आवडलं असतं, पण पथकातला एक जण ‘दादू, उठुन’ (म्हणजे आजोबा, उठा) म्हणाला मात्र, आणि सगळे क्रांतिकारक टुणकन उठले. सोमवारी येऊन टपरीही नेऊ, असं बजावून गाडी गेली. मिनतीदी बरण्या पुसत राहिली. मला ते बघवेना.

आणि मग मला आपली आठवण झाली. आपणच एकदा सांगितलं होतंत, की सगळ्या नोकरीत आपण हात टेकलेत ते एकाच गोष्टीपुढे, शेंदूर फासलेल्या दगडापुढे. टपरीला लागून मेट्रोच्या कामातून उरलेला एक ओबडधोबड दगड पडलेलाच होता. मी उषाच्या देवघरातली शेंदराची पुडी उचलली (न विचारता), तेलात कालवली, आणि सोमवारी सकाळी दूध आणायला जातो म्हणून दगडाला बोट बोट जाड लेप देऊन आलो. डोळ्यांच्या जागी दोन कवड्या बसवल्या. गाडी आली. साहेब उतरले, त्यांनी दगड पाहिला, बूट काढले, हात जोडले आणि गाडी पुढे घ्यायला सांगितली. काय सांगू, मला अगदी भरून आलं! मिनतीदीने आम्हा सगळ्यांना मातीच्या कुल्हडांतून आल्याचा चहा पाजला.

पण दिगंबरराव, देव बसवणं सोपं, आवरणं कठीण. दुपारपर्यंत जास्वंदीचा हार आला, दुसऱ्या दिवशी घंटा आली, मग स्टीलचा कठडा. आमचे घोषालबाबू, जे त्याच बाकावर बसून देव नाही हे रोज संध्याकाळी सिद्ध करून दाखवत, ते आता अंगावर उपरणं घेऊन प्रसाद वाटतात. शेंदरी रंग पाहून त्यांनी ठरवून टाकलं की हा बजरंगबली. आणि बजरंगबलीच्या नाकासमोर अंडं? छे छे! मिनतीदीने अंडं बंद करावं, नाहीतर टपरी हलवावी, असा गल्लीचा प्रेमळ आग्रह सुरू आहे. उषा म्हणाली, “पथकाने नुसता बाक नेला होता, तुम्ही टपरी घालवलीत.” शिवाय तिला अजून रस्त्यावर उतरावंच लागतं, आता प्रदक्षिणेच्या रांगेमुळे. तेव्हापासून अबोला आहे.

तरी आपल्या दांडग्या अनुभवातून असा दगड कुणाचं मन न दुखवता कसा उठवावा, ते सवडीने कळवावं.

आपला आज्ञाधारक,
श्यामसुंदर

ता. क. दगड उठवण्याविषयी वर जे लिहिलं आहे, ते वाचलं नाही असं समजावं. तो आता उठत नाही. झालं असं, की डिमटोस्ट वाचवायला म्हणून मी चारचौघांत जाहीर केलं, हा बजरंगबली नव्हेच, हा आमच्या मुलखातला वेगळा देव. घोषालबाबूंनी विचारलं, कोणता? सगळी गल्ली माझ्या तोंडाकडे बघत होती. ऐन वेळी मला एकही देव आठवला नाही, आणि मी ‘दिगंबरबाबा’ म्हणून बसलो. मिनतीदी तेवढी पदराआड हसली. कृपया राग मानू नये. हा देव अतिक्रमणाच्या गाडीपासून रक्षण करतो अशी ख्याती झाली असून थेट एस्प्लनेडच्या बाजारातून फेरीवाले आपल्याला नवस बोलायला येतात.

आणखी ता. क. आता अडलंय ते एवढ्यावरच, की दिगंबरबाबा अंडं खातात का? मी म्हटलं, घरच्यांना विचारून सांगतो. तरी ‘दिगंबराला अंडं चालतं’ एवढी एक ओळ सहीनिशी उलट टपाली पाठवावी. मिनतीदीचं सगळं त्या ओळीवर आहे. मराठीत लिहिलंत तरी चालेल, मी वाचून दाखवीन.

शेवटचं ता. क. आपल्या घरात अंड्याचं नावसुद्धा काढत नाहीत, असलं काही उत्तर कृपया लिहू नये. गेल्या खेपेला आमच्याकडे आला असताना सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडून आपण कुठवर जात होतात, आणि तिथे डबल अंड्याचा, वर हिरवी मिरची घालून काय खात होतात, ते मिनतीदीने मला मोठ्या मायेने सांगितलं आहे. वहिनींना मी अजून पत्र लिहिलेलं नाही.