पुलाच्या मधोमध बुधला

सोमवार, ७ ऑगस्ट १९९५

तीर्थस्वरूप एव्हारिस्तोदादांना धाकट्या चुलतभावाचा, निकानोरचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण गेल्या बुधवारपासून कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त उभ्यानेच स्वीकारावा. कंबर कशाने धरली ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? सेनोवियावहिनींचा कोकाच्या पानांचा लेप चालू ठेवा, डॉक्टरचं ऐकू नका. निदान दोघांचं एकदम ऐकू नका. द्राक्षांची छाटणी उरकली असेल. काळी बकरी व्याली का? आमच्याकडे सगळं ठीक आहे, म्हणजे वारा आहे, थंडी आहे आणि सकाळी दहापर्यंत नळाला पाण्याऐवजी नुसता आवाज येतो.

तुम्ही विचारणार, बुधला पोचला का. दादा, ‘पोचला’ म्हणता येत नाही आणि ‘नाही पोचला’ असंही म्हणता येत नाही, आणि याच एका वाक्यावरून गेले पाच दिवस माझं घरात कोणाशी ना कोणाशी वाजतंय. तेव्हा सगळं पहिल्यापासून लिहितो. त्यातलं अर्धं तुम्हाला ठाऊक आहे, पण मला मधूनच सुरुवात केली की आणखी राग येतो.

चव्वेचाळीस साली एलाडियाताई जन्मली तेव्हा बाबांनी स्वतःच्या द्राक्षांची स्वतः गाळलेली दहा लिटर सिंगानी काचेच्या बुधल्यात भरली, तोंडाला मेण लावलं आणि बुधला अंजिराखाली पुरला. हिच्या लग्नात उघडायचा म्हणून. त्यानंतर ताई मोठी झाली, माझ्याबरोबर बोलिव्हिया सोडून इकडे अर्जेंटिनात आली, शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं तीनशे पोरांची पेज ढवळत राहिली, आणि अंजिराखाली काही आहे याचा विषय घरात निघेनासा झाला. (आई जाईपर्यंत काढायची. ती काढायची म्हणून आम्ही काढत नसू.) आणि मग या ईस्टरला बाल्दोमेरो साराप्पुरा यांनी ताईला मागणी घातली. हे निवृत्त स्टेशनमास्तर. ज्या स्टेशनात आता गाडीच येत नाही, त्या स्टेशनाचे. तीन वर्षं रोज सकाळी शाळेतलं घड्याळ आपल्या घड्याळाशी जुळवायला येत होते. शाळेचं घड्याळ एवढं चुकत नाही, हे मला सोडून सगळ्या गावाला कळलं होतं.

तर एक्कावन्नाव्या वर्षी ताईचं लग्न, आणि बुधला आणायला मी. तुम्ही तो खणून काढून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, माती पुसू नकोस, काकांच्या हातची आहे. नाही पुसली. तारिहाहून बसमध्ये सात तास मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. मी म्हटलं, मग मलाही टाक. शेजारी बसलेल्या बाईंनी दोनदा विचारलं, आत देव आहे का. हे सगळं मी हसत सोसलं, कारण मला वाटत होतं की अवघड भाग हाच आहे.

आमच्या सरहद्दीच्या पुलावरून, दादा, अख्खं गाव रोज दहा वेळा ये-जा करतं. पाठीवर पिठाची पोती घेतलेल्या बायका पळत जातात आणि पळत येतात, कोणी मान वर करून बघत नाही. मीही गुपचूप त्यांच्यात मिसळून आलो असतो तर आज कंबर ताठ असती. पण मी पडलो प्रामाणिक. पूल ओलांडून अर्जेंटिनाच्या चौकीवर गेलो, बुधला टेबलावर ठेवला आणि अभिमानाने सांगितलं की ही सिंगानी, बहिणीच्या लग्नासाठी. तिथे माइदाना म्हणून अधिकारी आहेत. त्या उद्धट असत्या तर चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो. पण त्या सभ्य आहेत. त्यांनी आधी ताईचं अभिनंदन केलं आणि मग भिंतीवरचा कागद दाखवला: मोठ्या माणसामागे दोन लिटर, बाटली मुळातली बंद, वर वाचता येईल असं लेबल. (त्या भिंतीला टेकून मी पंचवीस वर्षं रांगेत उभा राहिलोय. कागद कधी वाचला नव्हता.)

मी हिशेब केला, दहा लिटर म्हणजे पाच माणसं. म्हटलं, चार माणसं घेऊन येतो. त्या म्हणाल्या, आणा, पण बुधला एकच आहे, त्याचे पाच भाग कसे करणार? म्हटलं, उघडून पाच बाटल्यांत ओततो. त्या म्हणाल्या, उघडलात की बंद राहिला नाही. मी म्हटलं, म्हणजे न उघडावा तर जास्त होतो आणि उघडावा तर उघडा होतो? त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, हो, तुम्ही फार नेमकं सांगितलंत. मग फार आपुलकीने त्यांनी सुचवलं की आल्या वाटेने परत न्या आणि शांतपणे विचार करा.

आल्या वाटेने! पुलाच्या पलीकडच्या टोकाला बोलिव्हियाचा शिपाई. वीस मिनिटांपूर्वी त्यानेच मला सोडलं होतं, वर नवरीला शुभेच्छाही दिल्या होत्या. आता म्हणाला, तुम्ही अर्जेंटिनातून दारू आणताय, दहा लिटर, लेबल नाही, आत येणार नाही. मी त्याला सांगितलं, ही तुझ्याच देशाची आहे, तारिहाची आहे, मघाशी तूच जाताना बघितलीस. त्यावर तो काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहितो, कारण रात्रंदिवस तेच कानात वाजतंय.

“जाताना बघितली ती जाताना बघितली, काका. येताना बघतोय ती वेगळी गोष्ट.”

तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. साडेनऊपासून एक वाजेपर्यंत मी पुलाच्या मधोमध उभा होतो. खाली ठेवावा तर पोत्यांची एवढी धावपळ की कोणाचा पाय लागला तर एक्कावन्न वर्षं नदीत. कठड्यावर ठेवावा तर वारा. म्हणून पोटाशी धरून उभा. कंबर धरली ती इथे. टोपी उडून नदीत गेली ती वेगळीच. पोतीवाल्या बायकांत एक कासिमिरा आहे, जिभेला हाड नसलेली. तिच्या हाती मी ताईला निरोप पाठवला. निरोप पोचवला तिने, पण दर फेरीला मला विचारून जायची, “काय काका, कळा सुरू झाल्या का?” आणि मागच्या साऱ्या बायका पोती घेऊन हसायच्या. पाठीवर मणाचं ओझं असताना माणसाला एवढं हसू येतं कुठून?

एक वाजता ताई आली, अंगावर शाळेचा एप्रन तसाच, आणि बरोबर बाल्दोमेरो, स्टेशनमास्तरची जुनी टोपी घालून. मला वाटलं, आता एक पुरुषमाणूस आपल्या बाजूने उभा राहील. दादा, आम्ही चौकीच्या दारात गेलो आणि या गृहस्थाने भिंतीवरचा कागद चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाला, नियम बरोबर आहे. माइदानाबाईंचा चेहरा असा उजळला, जणू आयुष्यात प्रथमच कोणी त्यांचा कागद वाचला. मग ते दोघे एकेक कलम घेऊन असे बोलू लागले की लग्न कोणाचं कोणाशी आहे याची मला शंका आली. मी बुधला घेऊन उभाच. शेवटी त्यांचं असं ठरलं की निदान लेबल असतं तर बुधला ठेवून घेऊन वर अर्ज करता आला असता. आणि तेव्हा बाल्दोमेरोंना बुधल्याच्या गळ्यात तारेने बांधलेला पत्र्याचा तुकडा दिसला. मातीने इतका माखलेला की मला तो मातीचाच भाग वाटला होता.

माइदानाबाईंनी टेबलावरचा ब्रश घेतला, पाणी घेतलं आणि तिथेच, पुलावर उकिडवं बसून, पत्रा घासला. (लेबल वाचता आलं पाहिजे असा नियम आहे, म्हणून. पण फार हळू हाताने घासला, हे मात्र मान्य करतो.) बाबांनी खिळ्याने अक्षरं कोरली होती. बाईंनी मोठ्याने वाचलं, “एलाडिया. मार्च एकोणीसशे चव्वेचाळीस. हिच्या लग्नात उघडणे.” आम्ही माना डोलावल्या, हे तर आम्हाला पाठ होतं. मग सवयीने त्यांनी पत्रा उलटा केला, मागे टक्केवारी वगैरे आहे का बघायला. आणि थांबल्या. त्यांनी तो मोठ्याने वाचला नाही. ताईच्या हातात दिला.

मागे लिहिलं होतं: लग्न न केल्यास, हिला वाटेल तेव्हा.

ताईने तो एप्रनने पुसला, पुन्हा वाचला, पुन्हा पुसला. पोतीवाल्या बायकाही थांबल्या होत्या. मला काहीतरी बोलायला हवं होतं, पण हातात बुधला असताना माणूस काय बोलणार.

“आईने मला पुढचीच बाजू सांगितली,” ताई म्हणाली.

एवढंच. रडली नाही, चिडली नाही. (चिडायचं काम घरात माझ्याकडे आहे.) कठड्याला टेकून नदीकडे बघत राहिली. बाल्दोमेरोंनी टोपी काढून हातात घेतली. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा आवडले. मग ताईने कासिमिराकडे पेला मागितला, माझ्याकडून बुधला घेतला आणि पुलाच्या मधोमध जाऊन जमिनीवर बसली. मी विचारलं, हे काय करतेस, लग्न एकोणीस तारखेला आहे.

“लग्न एकोणीस तारखेलाच आहे. त्याचा याच्याशी काय संबंध? मला आत्ता वाटतंय.”

आणि केसांतली पिन काढून तिने मेण फोडलं. दादा, तो वास. बाबा दारातून आत आल्यासारखा वास. पहिला पेला धरणीमातेला म्हणून तिने कठड्यावरून नदीत ओतला, वाऱ्याने तो अर्धा दोन्ही देशांच्या अंगावर उडवला. दुसरा तिने स्वतः घेतला, अगदी सावकाश, कोणाकडे न बघता. मग बाल्दोमेरोंना. त्यांनी एक घोट घेतला आणि उगाच घड्याळाची काच पुसत बसले. मग मला, आणि मग ज्या बाईने पोतं खाली ठेवलं तिला. माइदानाबाई नियमांचं पुस्तक चाळत होत्या. पोटात घालून नेलेल्या दारूबद्दल त्यात काही सापडलं नाही बहुतेक, कारण त्यांनी ते मिटलं आणि त्या टोकाला पोती मोजायची आहेत असं सांगून निघून गेल्या. दोन वाजता त्यांची पाळी संपली. तेव्हा टोपी बगलेत मारून आल्या आणि अर्धा पेला घेऊन गेल्या. तो पलीकडचा शिपाईही स्वतःचा मग घेऊन आला. मी त्याला सांगितलं, येताना घेतोस ती वेगळी गोष्ट. त्याला विनोद कळला नाही.

दहा लिटर आणि माणसं चाळीसच्या वर, शिवाय थंडी. तीनला बुधला रिकामा. कासिमिराने जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारून बाळंतीण सुखरूप आहे असं जाहीर केलं. रिकाम्या काचेवर हरकत नव्हती, तेव्हा आम्ही तो उचलून सरळ घरी आलो. म्हणजे सात तास मांडीवर आणि साडेतीन तास पोटाशी मी जे सांभाळलं, त्यातला माझ्या वाट्याला दीड पेला आला आणि लग्नात लोकांना आता लिंबाचं सरबत. ताईला याचं काही नाही. पत्र्याचा तुकडा तिने चुलीच्या वर खिळ्याला टांगला आहे, मागची बाजू पुढे करून. मी एकदा सुलटा केला, तर तिने पुन्हा उलटा केला.

लग्न १९ तारखेला, सकाळी अकराला. बाल्दोमेरो वेळेचे पक्के आहेत, तेव्हा अकराला म्हणजे अकराला. तुम्ही आणि वहिनींनी आदल्या दिवशीच यावं. येताना कृपा करून काहीही आणू नका.

तुमचा सदैव लहान,
निकानोर

ता. क. – एक विचारायचं राहिलं. बाबांनी ताईसाठी पुरलं, मग मुलग्यासाठी काहीच पुरलं नसेल का? माझी दोन्ही लग्नं इकडेच झाली. पहिल्या वेळी बाबा रुसलेले होते, दुसऱ्या वेळी ते नव्हते, त्यामुळे विषय निघाला नाही. पण मी लहान असताना अंजिराच्या डावीकडे मला कोणी कधी खेळू दिलं नाही, हे मला आता आठवतंय. जरा दोन-तीन हात खणून बघाल का?

ता. ता. क. – सापडलं तर पाठवू नका. हलवूही नका. मी लग्न आटोपून तिकडेच येतो, फक्त तोंड घेऊन. आणि ताईला यातलं काही सांगू नका. तिला दुसऱ्याचं उघडायची सवय लागेल. पत्र तिच्याच हाती टपालात टाकायला देतोय, पण डिंक लावून.

एव्हारिस्तो, पेजेच्या पातेल्यावर धरला की कुठलाही डिंक सुटतो. अंजिराच्या डावीकडे तो खणायला येण्याआधी तू खण. तो लष्करात गेला त्या हिवाळ्यात तू आणि मी त्याच्या बुधल्याचं काय केलं आणि नंतर त्यात पाटाचं पाणी कोणी भरलं, हे तुला आठवत असेलच. पाणी ओतून दे, यंदाची सिंगानी भर, मेण नीट लाव आणि वर जुनी माती थाप. बोंबलायचा तेवढा बोंबलेल, पण चवीतलं त्याला काही कळत नाही. पत्र्याला मात्र हात लावू नकोस. त्याची मागची बाजू तेव्हा आपणही वाचली नव्हती. – एलाडिया