नरसाळ्याचा स्टेथोस्कोप

सर, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि मला अजून तुमच्याबद्दल एक चांगला शब्द सुचलेला नाही. शोकसभेत सगळे म्हणाले, विज्ञान शिकवावं तर सरांनी. मी मागं बसून ऐकत होते. कन्नड गावातल्या आपल्या शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली तुमच्या खिशात असायची, आणि सूक्ष्मदर्शकाला हात लावायचा मान ज्यांच्या बापाची जमीन होती त्यांचाच.

आठवीत मी स्टेथोस्कोप केला होता. आई सरकारी दवाखान्यात झाडलोट करायची. तिथल्या सिस्टरनं कोरी नळी दिली, नरसाळं घरचं, त्याच्या तोंडावर ताणून बसवलेला फुगा. नरसाळं माझ्या छातीला लावून नळी आईच्या कानात दिली. "खरंच वाजतंय की गं!" म्हणाली, आणि कामाला उशीर झाला तरी ऐकतच बसली. दुसऱ्या दिवशी तो तुमच्या टेबलावर ठेवला. तुम्ही बोटसुद्धा लावलं नाही. फूटपट्टीनं ढकलून खाली पाडलात. "दवाखान्यातली घाण शाळेत आणायची नाही. आईचं काम येतं ना? मग झाडून घे." वर्ग हसतोय, मी झाडतेय, आणि तुम्ही शांतपणे हजेरी घेताय. इतका भित्रा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. एका पोरीच्या नळीला घाबरलात, सर.

आता मी शहरातल्या एका दवाखान्यात बायोमेडिकल इंजिनिअर आहे. रुग्णांना लागणारी यंत्रं चालू ठेवते. गेल्या शनिवारी बिडकीनच्या एका शाळेत नळ्या, नरसाळी, फुगे घेऊन गेले. तिथले मुख्याध्यापक स्वभावानं तुमचेच भाऊबंद. "मॅडम, तुम्हीच करून दाखवा, पोरं मोडतील." मी म्हटलं, "मोडू द्या. फुगे ढीगभर आणलेत." अर्ध्या तासात चार फुटले, बाकीचे वाजायला लागले. एक मुलगी सरळ मुख्याध्यापकांपुढं जाऊन उभी राहिली. ते मागं सरकले, तरी तिनं नरसाळं त्यांच्या शर्टावर टेकवलंच. "सर, तुमचं लई जोरात पळतंय. भ्यालात का?" पोरं खिदळली. मग तेही हसले. तुम्हाला तेवढंही जमलं नसतं.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, तुमच्या घरच्यांना तर नाहीच. फक्त एक सांगते. त्या शनिवारी बिडकीनला फळ्यावर हृदय काढायला खडू घेतला आणि हात आपोआप तुमच्या वळणानं गेला. आधी महाधमनीची कमान, मग खाली चार कप्पे. फळ्यावर तुमच्यासारखं हृदय कुणी काढत नसे. मला दुसऱ्या पद्धतीनं काढताच येत नाही.