दुसऱ्या भाकरीसाठी

अहो,

पहाटे तुमची वाटी वाजली. तुम्ही बोलावलं वाटून उठले, तर मांजर होतं. तुम्ही गाढ झोपेत. मग हे लिहायला बसले.

दवाखान्यात विजेचे शेक देऊनही गळ्यातली गाठ परत आली, तेव्हा मी पोखर्णीच्या नरसिंहाला बोलले होते, "हे भाकर खातील तवाच मी खाईन." दाढ दुखते म्हणून रोज कण्या प्यायचे, ते खोटं होतं. ऑपरेशनात आवाज गेला, तीन वर्षं तुम्ही पेजेवर काढली, पण परवा डॉक्टर म्हणाले, गाठ कुठंच नाही. आणि काल पहिली भाकर संपवून तुम्ही वाटी वाजवली ती पाण्यासाठी नाही, दुसऱ्या भाकरीसाठी.

नवस फेडून दुपारच्या एसटीनं येते. आंघोळीत गळ्याच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नका. भुजंगकाका आले की ओरडून बोलतील. तुम्ही बहिरे नाहीत, हे त्यांना पाटीवर लिहून दाखवा. टोपल्यातल्या दोन भाकरी माझ्यासाठी ठेवा, लय भूक लागणार आहे.

कावेरी उठून वेणीसाठी पुढ्यात बसलीय. तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा ती पाळण्यात होती. आता विचारायलीय, "आई, बाबाचा आवाज कसा होता? करून दाखव की."