साठ जणांच्या चपात्या

न्हावरे, सोमवार, ७ फेब्रुवारी २०००

दुकानातल्या फोनवर नातवाचा, दत्तूचा, फोन आला. त्याची बर्फातली ड्यूटी पंधरा दिवसांत संपतीय. मी गावभर सांगितलेलं, पोरगं सरहद्दीवर बंदूक घेऊन उभं हाय. तो म्हणाला, "आजी, मी भटारखान्यात हाय. साठ जणांच्या चपात्या करतो. पीठ मळून बोटं बधिर होत्यात."

"बायकांची कामं करायला गेलास व्हय रं?" मी मोठ्यानं बोलले. दुकानातले हसले.

तो म्हणाला, "करायला तूच शिकवलंस की," आन् फोन ठेवला.

खरंच हाय. त्याची आई गेली तवा चुलीपुढं मीच बसवलं त्याला. बोटांचं तेवढं विचारायचं होतं. जीभ कुठं वळली माझी?

उद्या दुकानात सांगणार, दत्तू चपात्या करतो. हसू देत. पण त्याला कसं कळावं? फोन तिकडूनच येतो.