जिभेखालची गोळी

तीन गुरुवार झाले. दोन बस बदलून तुझ्या हॉस्पिटलात येते, दारावर पिशवी उलटी करून दाखवते, कंगवासुद्धा काढून घेतात, आणि मग त्या लोखंडी बाकावर बसून राहते. तासाभराने वॉर्डातला तो मिशीवाला येतो आणि म्हणतो, आजी, तो भेटायला नाही म्हणतोय. एकदा ठीक आहे. दुसऱ्यांदाही गिळलं. तिसऱ्यांदा त्यानं मला पाणी आणून दिलं, इतकी माझी कीव आली त्याला. मिशीवाल्याकडून कीव करून घ्यायला मी दोन बस बदलत नाही. भेटायचं नसेल तर राहिलं, पण हे वाच. तुमच्याकडे पत्रं आधी तपासतात म्हणे. तपासू देत. त्यांनीही वाचावं असंच आहे.

प्रिय लांब्या,

अक्षराला हसू नकोस. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून सहीपुरताच पेन धरलाय. पण ओळी सरळ आल्यात की नाही बघ. का आल्यात ते पुढे सांगते.

घर आहे तसंच आहे. चहा दोन कप टाकला जातो, हाताला सांगून उपयोग नाही. दुसरा कप दुपारी गार पिते. तुझं स्टूल ओट्याजवळच आहे. रोज त्याला ठेच लागते, रोज त्याला शिव्या देते, पण हलवलेलं नाही. दिवसभरात तेवढंच काय ते माझं कुणाशी बोलणं. आणि समोरच्या घड्याळवाल्याच्या बायकोनं खिडकी उघडली. तू सुटून इथे होतास ती दोन वर्षं ऐन उन्हाळ्यातही बंद होती. तुला परत नेलं, दुसऱ्या दिवशी तिनं पडदे धुऊन वाळत घातले. मला राग नाही आला. नवरा तिचा गेला आणि तुझ्या हातून गेला. त्याच्या दुकानातली घड्याळं तुझ्या डोक्यात बोलत होती, तू भानावर नव्हतास, हे डॉक्टरांनी कोर्टात सांगितलं, कोर्टानं मानलं, तुला तुरुंगात न टाकता तिथे हॉस्पिटलात ठेवलं. सगळं खरं. तरी तिच्या घरातला माणूस परत आला नाही. वाऱ्यावर तिचाही हक्क आहे.

सहा वर्षांनी तुला सोडताना हॉस्पिटलच्या कमिटीनं मला समोर बसवलं होतं, आठवतं? चष्मेवाले साहेब म्हणाले, आजी, रोज गोळी घेतली का हे तोंड उघडून बघावं लागेल, जमेल का? मी म्हटलं, त्याची आई गेल्यापासून मीच वाढवलाय त्याला. ह्याच्या तोंडातून मी माती काढलीय, बटणं काढलीत, एकदा तर अख्खी रबराची चाकं काढलीत. गोळीचं काय घेऊन बसलात. सगळे हसले. तू नाही हसलास. मग रोज सकाळी तू स्टुलावर बसायचास, कारण उभा राहिलास तर माझा हात तुझ्या हनुवटीलाही पोचत नाही. जीभ वर, मग उजवा गाल, मग डावा. मी बॅटरी मारायची, ठीक म्हणायचं, आणि वहीत बरोबरची खूण करायची. पंधरा दिवसांनी हॉस्पिटलची ताई वही बघून जायची. दीड वर्ष एकही दिवस चुकला नाही.

मग तू गोळी चावायला लागलास. कडाकडा. शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी. मी म्हटलं, मेल्या, गोळी आहे ती, शेंगदाणे नाहीत, माणसासारखा गीळ. तू म्हणालास, अशीच बरी लागते. रोज मी बोलायचे, रोज तू चावायचास.

आता खरं सांगते. तेव्हाच माझे डोळे गेले होते. एकदम नाही, दुधावर साय धरते तसे हळूहळू. मीठ कुठलं नि साखर कुठली ते बोट लावून बघायचे. तुला सांगितलं नाही, ताईला नाही, कुणालाच नाही. सांगितलं तर वही दुसऱ्याच्या हातात जाईल आणि तुला परत नेतील, म्हणून. तुझ्या तोंडात बघायचे, काळं भोक दिसायचं, म्हणायचे ठीक. चार महिने.

घड्याळवाल्याची बायको महिन्यातून एकदा तरी मला गाठायची. बोलायची एवढंच, रोज बघता ना? मी म्हणायचे, बघते. मग एके दिवशी पावाच्या दुकानात कुणीतरी मला विचारलं, रोज बघता ना? आवाजावरून कळलं की ती आहे. हातभर अंतरावर उभी होती, आणि मला नुसता धुरकट ठिपका दिसत होता. त्या ठिपक्याला मी म्हणाले, बघते. घरी आले, पाव तसाच टेबलावर टाकला. दुसऱ्या दिवशी ताईला फोन केला, म्हटलं, मला दिसत नाही, वहीतल्या माझ्या खुणा खोट्या आहेत, त्याला घेऊन जा.

गाडी आली तेव्हा तू स्टुलावर बसला होतास, जीभ वर करून. तू विचारलंस, आजी, मी काय केलं? आणि मी म्हटलं, ताईला विचार. एवढंच म्हटलं. माझी लाज झाकायला मी तुला गुन्हेगारासारखं गाडीत बसू दिलं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढून घरी आले, म्हटलं तुझी खोली तरी नीट बघावी, म्हणून बॅटरी घेतली. लागेना. उघडली तर आत सेल फुटून हिरवं पीठ झालेलं. कधीची बंद होती कोण जाणे. मेलेली बॅटरी मी तुझ्या तोंडात धरत होते आणि ठीक म्हणत होते, आणि तू समोर बसून ते बघत होतास. मग डॉक्टरांनी दिलेली माझी गोळी मी चावून बघितली. थू! अर्धा तास चूळ भरत होते. ताई म्हणाली, त्याची तर याहून कडू असते, कुणी चावत नाही. आणि तुला नेल्यावर तपासलेल्या रक्तात औषध पुरेपूर निघालं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. म्हातारीला दिसत नाही, निदान ऐकू तरी जावं, म्हणून तू चावत होतास.

आता शेफारून जाऊ नकोस. तू चांगला वागलास म्हणून काम भागत नाही. एखाद्या दिवशी तुझ्या डोक्यानं उलटी कलाटणी घेतली असती तर? समोरच्या बाईनं काय तुझ्या चावण्याच्या आवाजावर विश्वास टाकून जगायचं? तिच्या दारात जाऊन मी सगळं सांगितलं. तिनं आत बोलावलं नाही. बराच वेळ माझ्या डोळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, दुसरा डोळा झाल्याशिवाय आणू नका. दार लावून घेतलं. मी जिना उतरेपर्यंत कळलं नाही की ती आणू नका एवढंच म्हणाली नव्हती.

दुसरा डोळा येत्या मंगळवारी आहे. कमिटी वीस तारखेला बसणार. पण ताई सांगते, तू तिथेच राहतो म्हणालास. म्हातारी मला घाबरली, असं म्हणालास. म्हणून हे पत्र. लांब्या, मी तुला एक दिवस घाबरले नाही. मी माझ्या डोळ्यांना घाबरले. तू काहीच केलं नव्हतंस. घरी यायचं असेल तर बॅटरीत नवे सेल घातलेत, गोळी पाण्याबरोबर गिळायची, तोंड आ करून उघडायचं, आणि मी सांगेपर्यंत मिटायचं नाही. चावलेलं आता चालणार नाही.

तुझीच, अजून एका डोळ्याची,
आजी

येणार की नाही, एवढं एकच लिही, पण तूच लिही. ताईनं किंवा मिशीवाल्यानं लिहून दिलेलं मी फाडून टाकीन. आता मला अक्षर ओळखता येतं.